पुराच्या गावात आरोग्याचं काम करायचंय? मग जुलैची वाट बघू नका

जुलै लागला, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी चढायला लागली की आमच्या शिरोळ, करवीर, हातकणंगल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, काही मदत लागली तर हाक मारा, आम्ही तयार आहोत. आणि लोक हे मनापासून लिहितात, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे की गावोगावची पोरं खरंच रात्ररात्र झोपली नव्हती. पण पाणी दारात आल्यावर धावून आलेल्या माणसाला काम देणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं, त्याला काय येतं, तो कुठल्या गल्लीतला, कुणाला सांगून आलाय, काहीच माहीत नसतं आणि हे विचारत बसायला तेव्हा सिस्टरना वेळ नसतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी गावातल्या आरोग्याच्या माणसांशी जोडून घ्या, एप्रिल-मेमध्ये, ऊन असताना, बाकीचं सगळं त्यातूनच सुरू होतं. हे कसं करायचं ते लिहितेय. कृष्णा, पंचगंगा, वारणेच्या पट्ट्यातलं आहे पण कोकणात राहणाऱ्यांना आणि शहरात नदीकाठी राहणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

पहिली चक्कर उपकेंद्रात

सरळ जिल्ह्याच्या ऑफिसला जाऊ नका, आपल्या गावच्या उपकेंद्रात जा. तिथं सिस्टर असतात म्हणजे एएनएम, आरोग्यसेवक असतो, बऱ्याच ठिकाणी आता समुदाय आरोग्य अधिकारी पण असतात, आणि यांच्या सगळ्यांच्या आधी गाठायची ती तुमच्या गल्लीची आशाताई. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा, पाच हजारामागं एक उपकेंद्र आणि तीस हजारामागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी असा सरकारी हिशोब आहे. म्हणजे एका आशाताईकडं दोनशेच्या आसपास घरं, त्यात गरोदर बाया, लसीकरण, टीबीचे पेशंट, सर्वे, ऑनलाइन एंट्री, सगळं. पूर आला की तिचं स्वतःचं घरसुद्धा पाण्यात असतं हे लोक विसरतात.

तर तिला जाऊन असं म्हणू नका की मला समाजसेवा करायची आहे, तिला विचारा की ताई, तुमच्याकडचं कुठलं काम मी उचलू. कदाचित ती म्हणेल की मला कोरड्या दिवसाला (डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस) वरच्या गल्लीत सोबत या, किंवा म्हणेल की मोबाईलवर ही माहिती भरून द्या. ते करा. महिनाभर असं काहीतरी किरकोळ केलंत की सिस्टरना तुमचं नाव माहीत होतं, तुमच्या शब्दावर विश्वास बसतो, आणि तोच विश्वास ऑगस्टमध्ये कामाला येतो.

दुसरी चक्कर ग्रामपंचायतीत. प्रत्येक गावात गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, कागदावर तरी असतेच, तिच्या बैठकीला जाऊन बसा. ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांचे नंबर घ्या. तालुक्याचा कंट्रोल रूम तहसीलदार ऑफिसमध्ये असतो, पावसाळ्यात तो चोवीस तास चालू असतो, तिथला नंबर भिंतीवर लिहून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलीस किंवा काहीही तातडीचं असेल तर ११२. हे चार तुमच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या घरात मोठ्या अक्षरात चिकटवून आलात तरी एक संध्याकाळ सत्कारणी लागली म्हणा.

यादी

माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच आहे आणि याला ना पोहता यावं लागतं ना डॉक्टर असावं लागतं. आपल्या गल्लीतल्या, फार तर दोन गल्ल्यांतल्या अशा घरांची यादी करायची की जिथल्या माणसाला पूर आला तर सगळ्यात आधी हलवायला लागेल, किंवा हलवल्यावर औषधावाचून त्याचं अडेल.

त्यात कोण कोण येतं बघा. सातवा महिना ओलांडलेली गरोदर बाई, तिची बाळंतपणाची तारीख. डायलिसिसवाले, त्यांचे आठवड्यातले वार कुठले आणि कुठल्या हॉस्पिटलला जातात, कारण पुणे-बंगळूर हायवे बंद झाला की कोल्हापूरला जायचं कसं हा प्रश्न २०१९ ला दिवसेंदिवस होता. टीबीचे पेशंट, त्यांच्या गोळ्या रोजच्या असतात, खंड पडला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. इन्सुलिन घेणारे. फिट्स येणारे, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले, या दोघांची गोळी एकदम बंद झाली की त्रास फार वाढतो. ज्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं ते, कारण लाईट सगळ्यात आधी जाते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला एका कोविड हॉस्पिटलला पुराच्या पाण्यानं वेढा दिला, वीज गेली आणि पेशंट दगावले, तेव्हा विजेवर श्वास अवलंबून असणारा माणूस यादीत सगळ्यात वर पाहिजे. मग अंथरुणाला खिळलेले, ज्यांना उचलूनच न्यावं लागेल, आणि घरात एकटे राहणारे म्हातारे, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला आहेत, त्या पोरांचे नंबर पण लिहून घ्या.

यादी वहीत करा. मोबाईलमध्ये पण फोटो ठेवा पण वही पाहिजेच, आणि पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई पाण्यात पसरते नि पान वाचता येत नाही. एका ओळीत नाव, घराची खूण, आजार, औषधाचं नाव पाकिटावरून जसंच्या तसं उतरवून, आणि पाणी आलं तर हे कुठं जाणार. ही शेवटची गोष्ट आवर्जून विचारा. बरेच जण म्हणतात जाऊ भावाकडं, आणि भाऊ पण नदीकाठीच राहत असतो.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगते, ही यादी ग्रुपवर टाकायची नाही. कुणाला टीबी आहे, कुणाच्या कसल्या गोळ्या चालू आहेत, हे त्या घरानं तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं असतं. एक प्रत तुमच्याकडं, एक आशाताई किंवा सिस्टरकडं, बस्स. आणि सुरुवातच सिस्टरना सांगून करा, त्यांच्याकडं गरोदर बायांची, टीबीची नोंद आधीपासून असतेच, तुम्ही त्यात घराची खूण आणि सोबतच्या माणसाचा नंबर घातला तरी ती कामाची होते.

आणि घरोघरी सांगून ठेवा की पावसाळ्यात चालू औषधं नेहमी पंधरा दिवसांची जास्तीची घरात असू द्या, प्रिस्क्रिप्शनच्या कागदाबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. आधार कार्ड आणि रेशन कार्ड त्याच पिशवीत.

पाणी

पुरात माणसं बुडून मरतात हे सगळ्यांना दिसतं, पण पुरानंतर गाव आजारी पडतं ते पिण्याच्या पाण्यानं. नदीकाठची जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर आणि मोटारी पाण्याखाली गेल्या की नळ बंद, मग लोक जे मिळेल ते पितात. आणि पूर नसतानासुद्धा होतं हे, पाईपलाईनला गळती असते, ती गटारातून गेलेली असते, पाणी सुटलेलं असतं तोवर दाबामुळं ते बाहेर येतं आणि पाणी बंद झालं की तीच गळती गटारातली घाण आत ओढून घेते. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती हिपॅटायटिस ईची, हा आजार दूषित पाण्यातून पसरतो आणि गरोदर बायांच्या जिवावर बेततो.

गावात पाणी शुद्ध करायचं काम जलसुरक्षकाचं. त्याच्याबरोबर दोन-तीन सकाळी टाकीवर जा, काय करतो बघा. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, ती कोरडी टाकीत ओतायची नसते, आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ टाकीत सोडायचं. टाकीत किती लिटर पाणी आहे त्यावर पावडर किती ते ठरतं, तेवढं मोजून घ्यायला साधा तराजू पाहिजे, ओंजळीचा अंदाज नको. आणि सोडल्यावर लगेच नळ सुरू करायचे नाहीत, क्लोरीनला आपलं काम करायला वेळ लागतो, अर्धा-एक तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग तुम्ही नुसता चुना टाकताय. चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, ग्रामपंचायतीला विचारा की पावडरीचा नमुना शेवटचा कधी तपासायला पाठवला होता. हा प्रश्न विचारणारं कुणी असलं तरी फरक पडतो.

आता ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन टेस्ट, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची. ही तुम्ही शिकलीच पाहिजे, पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि कुठल्याही स्वयंसेवकाला जमते. लहान काचेची नळी असते, ती आधी त्याच नळाच्या पाण्यानं विसळून घ्यायची, मग खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीवर लिहिलेत तेवढे ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच, दहा-पंधरा सेकंदांच्या आत, पेटीवरच्या रंगाशी ताडून बघायचं. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. फिक्का पिवळा नेहमीच्या दिवसात चालतो, म्हणजे लिटरला ०.२ मिलीग्रॅम, पण पूर किंवा साथ असेल तेव्हा जरा जास्त, ०.५ पर्यंत पाहिजे. रंगच आला नाही तर पाणी तसंच्या तसं आलंय. हातात नळी तशीच धरून गप्पा मारत बसलात तर रंग नंतर गडद होत जातो आणि उगाच सगळं ठीक आहे असं वाटतं, म्हणून लगेच बघायचं. आणि टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळाला करू नका, तिथं क्लोरीन येणारच. गावाच्या शेवटच्या टोकाला, जिथं पाणी बारीक येतं, त्या घराच्या नळाला करा. शेवटच्या घरात पिवळा आला तर मधली सगळी घरं ठीक. निकाल तारखेसह वहीत लिहा आणि रंग नाही आला तर त्याच वेळी जलसुरक्षक आणि आरोग्यसेवकाला फोन.

जिल्हा परिषदेकडून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं मिळालंय माहीत आहे का, नसेल तर उद्याच विचारून या. पिवळं असेल तर का, कुठल्या विहिरीपाशी उकिरडा आहे, कुठला व्हॉल्व्ह गटारात आहे, ते त्या अहवालात लिहिलेलं असतं आणि तीच तुमची मे महिन्यातली कामाची यादी.

घरापुरतं म्हणाल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं, पण पुरात गॅस कुठून आणायचा, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरच्या म्हणजे पातळ क्लोरीनच्या बाटल्या पीएचसीतून आधीच आणून ठेवा. गोळ्यांची ताकद वेगवेगळी असते, किती लिटरला किती ते पाकिटावरचं वाचून घरच्यांना समजवा, आणि गढूळ पाण्यात टाकू नका, आधी तुरटी फिरवून निवळू द्या, स्वच्छ फडक्यानं गाळा, मग गोळी, मग अर्धा तास झाकून.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले तर वाट बघू नका, ताबडतोब सिस्टर किंवा आरोग्यसेवकाला सांगा. साथ पहिल्या दिवशी कळली तर गळती शोधून बंद करता येते, आठव्या दिवशी कळली तर सलाईनच्या बाटल्या मोजत बसावं लागतं. तोवर ओआरएस, एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. बाळाचं अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

डासांचं थोडक्यात

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही, अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात, काथ्यानं घासायचं. रिकामी करता येत नाहीत अशा टाक्यांत गप्पी मासे किंवा आरोग्यसेवकाकडून ॲबेट, म्हणजे आळ्या मारायचं औषध. फ्रीजच्या मागचा ट्रे, छतावरचे टायर, नारळाच्या करवंट्या बघायला विसरू नका. धूर फवारणीनं लोकांना बरं वाटतं पण ती उडणाऱ्या डासांपुरतीच, आळ्या तशाच राहतात.

ट्रेनिंग कुठलं घ्यायचं

आपदा मित्र म्हणून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे, २०१६ ला देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. वय १८ ते ४०, बारा दिवसांचं ट्रेनिंग, त्यात शोध-बचाव, प्रथमोपचार, दोरीचं काम, आणि किट पण मिळतं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन विभागात जाऊन पुढची बॅच कधी आहे विचारा आणि नाव देऊन ठेवा. कॉलेजच्या पोरांनी एनएसएस, एनसीसीकडून चौकशी करावी. वय बसत नसेल तर रेड क्रॉस किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलकडं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग कुठं मिळतं ते विचारा, पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका यात फार चांगलं काम करतात असं माझं मत आहे, कारण त्यांना घराघरात आत जाता येतं.

सीपीआर पुतळ्यावर हातानं करून शिका, व्हिडिओ बघून जमलं असं समजू नका. माणूस पडलाय, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दाब सुरू करायचे, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटीमीटर तरी खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, माणूस बदलत राहा.

साप. पुरात सगळे साप वाड्या-वस्त्यांकडं, घरात, कॅम्पच्या शाळेत चढतात. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, मांत्रिकाकडं तर अजिबात नाही. माणसाला धीर द्या, चालायला लावू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, अंगठ्या-कडी-जोडवी काढा आणि सरळ दवाखाना. आपल्याकडची सर्पदंशाची लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर चालते, त्यामुळं साप पकडून न्यायची गरज नाही. तुमच्या भागात ही लस कुठल्या पीएचसीत, कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे जूनमध्येच विचारून ठेवा, आणि पाणी आल्यावर त्यातला कुठला रस्ता चालू राहतो ते पण.

१०८ ला फोन केला की घाबरून पेशंटचं नाव सांगत बसू नका, आधी ठिकाण. गाव, तालुका, जवळची मोठी खूण. मग काय झालंय आणि माणूस शुद्धीवर आहे का. फोन ते ठेवतील तेव्हा ठेवायचा. आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करायचा, ॲम्ब्युलन्सचा निम्मा वेळ गल्ली शोधण्यात जातो. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस जबरदस्तीनं थांबवून घेऊ शकत नाहीत, २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे, हे लोकांना सांगा, भीतीपोटी कितीजण बाजूनं निघून जातात.

पाणी चढायला लागलं की

पातळी फक्त सरकारी आकड्यावरून बघा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे जुन्या माणसांना बरोबर माहीत असतं, ते लिहून घ्या आणि त्याच्या तीन-चार फूट आधीच यादीतली माणसं हलवायला सुरुवात करा. आजारी माणूस उजेडात आणि कोरड्या रस्त्यावरून न्यायचा. धरणातून इतका विसर्ग सोडला, अमुक धरणाला तडा गेला असले फॉरवर्ड आले की कंट्रोल रूमला विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका, रात्री अशा एका मेसेजनं अख्खं गाव अंधारात बाहेर पडतं आणि त्यात म्हातारी माणसं पडतात, पोरं चुकतात.

ट्रेनिंग नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. पोहता येतं म्हणून सुद्धा नाही, पुराच्या पाण्याला ओढ असते, खाली कुंपणाच्या तारा असतात, वीज असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढतानाच बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. बोटीत किती माणसं बसायची हे बोटवाला सांगेल तेवढीच, लाईफ जॅकेट सगळ्यांना, आणि तुम्ही काठावर उभं राहून रांग लावणं, यादीतलं नाव आधी पुढं काढणं, हे बोटीत बसण्याइतकंच मोठं काम आहे.

कॅम्पमध्ये म्हणजे शाळेत किंवा मंगल कार्यालयात पहिल्याच दिवशी दारात टेबल टाका. आलेल्या प्रत्येक घराची नोंद, आणि एकच जास्तीचा प्रश्न, रोजची गोळी कुठली चालू आहे आणि बरोबर आणलीय का. संध्याकाळपर्यंत ज्यांची औषधं घरी राहिलीत त्यांची यादी सिस्टरच्या हातात गेली पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या बॅरलला तोटी बसवा, वरून ग्लास बुडवायला लागले की शंभर हात त्या पाण्यात जातात. संडास किती आहेत आणि रात्री तिथं उजेड आहे का बघा, नाहीतर बायका पाणीच कमी पितात. साबण. सॅनिटरी पॅड मागायला कुणी येत नाही, ते बायकांच्या खोलीत नेऊन ठेवायचे. इन्सुलिनची बाटली फ्रीज नसेल तर बंद पिशवीत घालून माठाजवळच्या गारव्यात ठेवता येते, बर्फात खुपसायची नाही, गोठली की वाया गेली. शुगरवाल्या माणसाच्या ताटात दोन्ही वेळा फक्त भात आणि गोड पदार्थ येत असेल तर स्वयंपाकाला सांगा. आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा, ज्याची जनावरं वाहून गेलीत त्याला उपदेश नको असतो, नुसतं ऐकून घेतलं तरी चालतं.

पाणी उतरल्यावर

सगळ्यांना घर धुवायची घाई असते आणि लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप तिथंच गाठतो. उंदरा-जनावरांच्या मुतातून जंतू चिखलात-पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत याची साथ पसरली होती. गमबूट, हातमोजे, जखमेवर पट्टी, आणि काम झालं की साबणानं अंघोळ. पाण्यातून चाललेल्यांना आरोग्य विभाग डॉक्सीसायक्लिन देतो, ती सिस्टर किंवा डॉक्टर ज्याला देतील त्यानंच घ्यायची, गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यामुळं पाकीट घेऊन घरोघरी वाटत सुटू नका. चिखल काढणाऱ्या प्रत्येकानं, तुम्ही धरून, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का हे आधी बघावं.

मेलेल्या जनावराला हात लावू नका, ग्रामपंचायत आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई पण मिळत नाही. विहिरी उपसून, टीसीएल टाकून, टेस्ट केल्यावरच वापरायच्या. आणि पूर ओसरल्यावर महिनाभर तरी दर चार-पाच दिवसांनी गल्लीतून चक्कर मारा, कुणाला ताप आहे, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, लघवी पिवळी होतीय, असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. तोवर बाहेरून आलेली मदत परत गेलेली असते आणि आजार मात्र तेव्हाच वर येतात.

बाहेरगावी असाल तर

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून मदत करणाऱ्यांनी जुने कपडे पाठवू नका, गेल्या पुरात त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. आधी गावात फोन करून विचारा काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर असं येतं, गमबूट, झाडू-फावडी, साबण, पॅड, मच्छरदाण्या, ओटीची किट. रक्तदान करायचं असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी गर्दी करू नका, लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात पण प्लेटलेट्स फक्त ५ दिवस, म्हणून रक्तपेढीत नाव आणि गट नोंदवून ठेवा, ते बोलावतील तेव्हा जा. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांनी चार महिने अंतर ठेवायचं असतं, एकदम सगळे देऊन बसले की पुढच्या महिन्यात पुन्हा टंचाई. आणि पाऊसपाणी नसलेल्या काळात काही करायचं असेल तर निक्षय मित्र व्हा, आपल्याच तालुक्यातल्या टीबी पेशंटला काही महिने पोषण आहाराची टोपली द्यायची असते, नोंदणी ऑनलाइन होते, पीएचसीत पण माहिती मिळते.

शेवटी एक कामाचं. पूर गेला की ग्रामपंचायतीत टीसीएलची उघडी पोती उरलेली असतात आणि ती तशीच खोलीत राहतात. ती पुढच्या वर्षासाठी धरू नका, त्यात क्लोरीन राहत नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीला जाऊन साठा किती, कधीचा, ते रजिस्टरला लिहून घ्या, आणि नवीन मालाची मागणी मे महिन्याच्या आत गेली पाहिजे हे त्याच बैठकीत ग्रामसेवकाकडून ठरवून घ्या.